सात टेबलं आणि बारा लाल गोळ्या

माझ्या धाकट्या बहिणीचं, एलिनाचं लग्न सुपीरियर सरोवराच्या काठच्या आमच्या गावात, चर्चमध्ये होतं आणि जेवण त्याच्या तळघरातल्या हॉलमध्ये. ती आणि तिचा नवरा टोबायस दोघंही विद्यापीठाच्या एकाच प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकलेले. त्यामुळे टेबलावर फुलं नकोत, असा तिचा हट्ट. प्रत्येक टेबलावर ग्लुकोजचा एकेक रेणू हवा. काळी जेलीची गोळी म्हणजे कार्बन, पांढरी हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, आणि त्यांना जोडायला टूथपिक.

"प्रत्येकी सहा काळ्या, बारा पांढऱ्या, सहा लाल," तिने मला, म्हणजे कायसाला, आणि बाबांना चित्र काढून बजावलं. "लग्नाला आलेल्या सगळ्यांना साखर वाटायची आहे मला."

टेबलं सात. गोळ्या मीच मोजून आणल्या आणि पिशव्या बाबांच्या ट्रकमध्ये ठेवल्या. तीच चूक झाली.

आमचे बाबा, आर्व्हो कोस्किला, आयुष्यभर लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी होते. लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये मी पिशव्या उघडल्या. काळ्या आणि पांढऱ्या जशाच्या तशा होत्या. लाल गोळ्यांची पिशवी मात्र पार सपाट झाली होती.

"बाबा, हे काय?"

"चेरीच्या होत्या गं," बाबा म्हणाले. "वाटेत दोन-चार तोंडात टाकल्या."

"दोन-चार? बेचाळीस होत्या! बाराच उरल्यात!"

"मग काळ्या आणायच्या नाहीत का जास्त? त्या ज्येष्ठमधाच्या, कोणी खात नाही."

नेमकी त्याच वेळी टोबायसची आई खाली आली. मार्गिट लुंडीन. मिनियापोलिसला तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेली बाई. केसांची एक बट इकडची तिकडे नाही, आणि आदल्या रात्रीच्या जेवणात आमच्याशी मोजून पाच वाक्यं बोललेली. तिने टेबलाकडे पाहिलं, मग बाबांच्या लाल झालेल्या ओठांकडे.

"लाल कुठायत?"

"पोटात," मी म्हणाले.

बाबा लगेच टोपी उचलून निघाले. "काही काळजी करू नका, विहीणबाई. कोपऱ्यावरच्या दुकानात हिरव्या आणि पिवळ्या आहेत. त्याच आणतो."

"हिरवा म्हणजे क्लोरीन," मार्गिट म्हणाली. "आणि पिवळा म्हणजे गंधक. अर्धे पाहुणे रसायनशास्त्राचे आहेत, मिस्टर कोस्किला. जेवणाच्या टेबलावर तुम्ही काय मांडलंय ते त्यांना दारातूनच कळेल."

बाबांनी टोपी पुन्हा खाली ठेवली. लाल गोळ्या मिळणारं दुकान थेट डुलुथला, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास. लग्न दोनला, आणि आता साडेअकरा वाजले होते.

"बारा लाल म्हणजे दोनच साखरा," मी म्हणाले. "बाकीची पाच टेबलं कोरडी. पांढऱ्या-काळ्या ढीगभर असून काय उपयोग?"

बाबा खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा खरंच पडला होता. लेकीने एकच काम सांगितलं होतं. मग ते म्हणाले, "जहाजावर अंडी संपली की मी केक नाही करायचो. अंडी न लागणारं काहीतरी करायचो. लाल कमी लागणारं काही नसतं का?"

मार्गिटने पर्स बाजूला ठेवली. "पुदिना," ती म्हणाली. "पुदिन्याच्या वासाचा जो अर्क असतो ना, त्यात कार्बन दहा, हायड्रोजन वीस आणि ऑक्सिजन फक्त एक."

"एकच?" बाबा ताठ झाले. "आणि दालचिनी?"

"नऊ, आठ, एक."

"लिंबू?"

"लिंबाच्या सालीचा वास म्हणजे दहा आणि सोळा. ऑक्सिजन नाहीच."

"नाहीच! ऐकलंस, कायसा? लिंबाला लाल लागतच नाही!" बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. स्वतःच लिंबू शोधून काढल्यासारखे ते खूश होते.

मग आम्ही भराभर कामाला लागलो. मार्गिट सांगायची आणि आम्ही टोचायचो. "कार्बनला चार हात असतात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. एकही हात मोकळा राहता कामा नये. दोघांनी दोन-दोन हात धरले असतील तर टूथपिकही दोन." बाबांची दालचिनी तीनदा मोडली. मार्गिटने बाह्या वर सारल्या आणि ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

नवरा-नवरीच्या टेबलासाठी एक खरी साखर केली. मग पुदिना, लिंबू, दालचिनी. बाबांना व्हॅनिला हवाच होता. मार्गिटने आकडे सांगितले, मी गोळ्या वेगळ्या काढल्या आणि थांबले. "लाल पुरतायत. आता काळ्याच कमी पडल्या. आठ हव्यात, सातच आहेत."

"कोणी खाल्ली?" मार्गिटने बाबांकडे पाहिलं.

"शप्पथ नाही! काळी कोण खाणार!"

"दहा-दहा कार्बनचे दोन आणि नऊचा एक केल्यावर दुसरं काय होणार," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "आधी आपण ऑक्सिजनला अडलो होतो, आता कार्बनला. जे आधी संपेल तिथेच काम थांबतं. आता लहान काहीतरी करू. टेबलं किती राहिली?"

"तीन. एकावर टोबायसचे बँडवाले मित्र."

"त्यांना दारू. दोन, सहा, एक."

"दुसऱ्यावर आमचे पाद्री. ते थेंबही घेत नाहीत."

"पाणी. दोन पांढऱ्या, एक लाल. कार्बन लागतच नाही."

"पाद्रीबुवांना एवढंसंच?" बाबा म्हणाले. "आणि शेवटच्या टेबलावर?"

लाल दोनच उरल्या होत्या. मार्गिटने त्या तळहातावर घेतल्या. "दोन लाल लागणारं व्हिनेगर आहे. पण आंबट टेबलावर कोणाला बसवायचं?" मग तिनेच उत्तर दिलं, "मला बसवा. माझ्या मुला-सुनेला नवल वाटणार नाही."

बाबा इतके मोठ्याने हसले की वर चर्चमध्ये ऑर्गनची तालीम थांबली.

शेवटी तीन काळ्या आणि सोळा पांढऱ्या उरल्या. त्यातल्या तीन काळ्या आणि आठ पांढऱ्या घेऊन मार्गिटने बाबांना प्रोपेन करायला शिकवलं, तोच त्यांच्या शेगडीच्या सिलिंडरातला वायू. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवत सुटले.

दीड वाजता एलिना लग्नाच्या पोशाखात खाली डोकावली. ती एकेका टेबलाशी थांबत गेली. पुदिन्यापाशी तिच्या कपाळाला आठी पडली, दालचिनीपाशी ती आठी मावळली आणि लिंबापाशी आल्यावर तिने सावकाश मागे वळून पाहिलं.

"बाबा, लाल खाल्ल्यात ना?"

"चेरीच्या होत्या गं."

तिला हसू आवरेना. डोळ्यांतलं काजळ ओघळलं आणि ते मला पुन्हा घालावं लागलं. "साखरेचा कंटाळाच आला असता सगळ्यांना," ती म्हणाली आणि तिने मार्गिटचा हात धरला. "हे तुम्ही केलंत?"

"सूत्रं माझी," मार्गिट म्हणाली. "पाककृती तुझ्या वडिलांची."

जेवताना प्रयोगशाळेची मंडळी ताटं सोडून टेबलाटेबलावरचे पदार्थ ओळखत फिरत होती. पाद्रीबुवांनी आपलं पाणी खिशात घालून घरी नेलं. मार्गिट खरोखरच व्हिनेगरपाशी बसली. तिला सोबत म्हणून आमची सगळ्यात बडबडी आत्या तिथे गेली, आणि दोघींचं इतकं जमलं की केक कापायला त्यांना दोनदा हाका माराव्या लागल्या. तोवर कोणीतरी पुदिन्याच्या दोन पांढऱ्या गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि आता हा कुठला पदार्थ झाला यावर टोबायसचे मित्र हमरीतुमरीवर आले होते.