अठ्ठेचाळीस वेढे

टक्, टक्, टक्. पाथरवटाच्या टाकीचा तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. मी सहाण बोलतेय. तळहाताएवढी, बाळगुटी उगाळायची.

लोधीखेड्याच्या बाजारातून केसरबाईंनी मला सौंसरला आणलं. हिरडा पाण्यात बुडवून त्या माझ्यावर गोल फिरवायच्या. बाळ जितक्या महिन्यांचं, तितके वेढे, हा त्यांचा नेम. तीन लेकरं त्यावर वाढली. मग मी फडताळात पडून राहिले.

गेल्या महिन्यात पुन्हा हात लागला. त्यांची नात रश्मी चार वर्षांची. पाच दिवस तिला शौचाला झालं नव्हतं. एकदा शौचाला कडक खडा झाला, फार दुखलं, तेव्हापासून कळ आली की ती दाराआड पाय आवळून उभी राहायची.

केसरबाईंनी हिरडा घेतला. दहा वेढे झाले, वीस झाले, हात थांबेना. मी अस्वस्थ झाले. एवढं माझ्यावर कधी उगाळलं नव्हतं.

"चार वर्षं म्हंजे अठ्ठेचाळीस महिने," त्या पुटपुटल्या आणि फिरवत राहिल्या.

ओरडावंसं वाटत होतं. पण दगडाला कुठला गळा!

"ये वं माय, आ कर."

आजी देईल ते रश्मी डोळे मिटून घ्यायची. तेही घेतलं.

दुपारी पोर पोट धरून गडबडा लोळली. सून अमिता धावत आली. "आई, काय पाजलं तुम्ही तिले?"

"गुटीच तं देल्ली वं. महिन्याचा एक वेढा."

"तो तान्ह्या लेकराचा हिसाब होय आई! कोणाले इचारलं तरी का?"

केसरबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

वैद्यांकडून आल्यावर अमितानं सगळं सांगितलं. हिरडा बंद. कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, वरणभातावर तूप. रस नको, संत्र्याच्या फोडी चावून खाऊ द्या. जेवण झालं की शौचाला निवांत बसवा, रागावू नका. दुखेल या भीतीनं पोरगी शौच रोखून धरते, असं वैद्य म्हणाले.

पंधरा दिवसांत पोट सुरळीत झालं. पण आजीच्या हातून रश्मी घोटभर पाणीही घेईना.

बायांनो, मला फडताळातून काढण्याआधी जाणत्याला विचारा. माझ्यावर काहीही, कितीही उगाळता येतं. मला ‘नाही’ म्हणता येत नाही.

काल मला परत फडताळात ठेवायला धुतलं होतं, मी ओट्यावर वाळत होते. शेजारी केसरबाई संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांनी एक फोड आधी स्वतः खाल्ली, दुसरी पुढे केली.

"घे वं माय. काहीच नाही त्याच्यात. पाह्य, मीबी खाल्ली."

रश्मीनं फोडीकडे पाहिलं, मग आजीच्या हाताकडे पाहिलं. हात तसाच पुढे राहिला. ती वळली आणि आत निघून गेली.