गाळावरची ब्लूबेरी

ऑगस्टीनने बुटाची टाच मातीत दाबली, काढली, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा दाबली.

"दाजी, एका जागी थांबा की. जमीन काय पळून चाललीय?" मेहुणी डेल्फिन बेऱ्या तोडून बादलीत टाकता टाकता म्हणाली.

तो थांबला नाही. या टेकडीच्या जागी आधी कंपनीचं तळं होतं. वाळूतलं तेल धुऊन काढल्यावर उरलेला गाळ त्यात साठायचा. त्याच्याही आधी इथे दलदल होती, आणि डेल्फिनची आई तिच्या काठाने बेरी वेचायची. कंपनीने तळं आटवून वर वाळू घातली, वाळूवर माती घातली, झुडपं लावली. आता त्यांना दरवर्षी फळ धरायचं. ते खाऊन गावातल्या जाणत्या माणसाने चांगलं म्हटलं, की जमीन गावाला परत केली असं ठरणार होतं.

इतकी वर्षं त्यासाठी त्याच्या बायकोला, रोझेलाला बोलवायचे. ती यायची, झुडपं हाताळायची, आणि काही न खाता घरी जायची. हिवाळ्यात ती गेली. यंदा त्याला बोलावलं.

वाटेत गाडीत डेल्फिन त्याला खूप बोलली होती. ताई अडून बसली, त्यातून मिळालं काय? चांगल्या बेरीसाठी होडीने कुठवर जायचं? डेल्फिनचे गुडघे गेले होते. तिला घराजवळ नातवंडांबरोबर बेरी वेचायची होती. ऑगस्टीनने होकार द्यायचं कबूल केलं होतं. त्याला हे एकदाचं उरकायचं होतं.

पलीकडच्या गाळाच्या तळ्यावर बदकं उतरू नयेत म्हणून लावलेल्या तोफेचा बार झाला. कंपनीची टॅमरा वाट बघत उभी होती. तिचे दिवस भरत आले होते.

"काका, खाऊन बघता ना?"

त्याने एक बेरी तोडून तोंडात टाकली. गोड होती. दुसरी खाल्ली. तीही तशीच. डेल्फिन त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने मान डोलावली.

टॅमरा हसली. एक हात पोटाखाली धरून ती वाकली आणि तिनेही मूठभर बेऱ्या तोडल्या.

ऑगस्टीनने तिचं मनगट धरलं.

"तू नको खाऊ, पोरी."

"का? आत्ता तर तुम्ही..."

त्याला तिचा हात सोडवेना. डेल्फिनने ते पाहिलं. मग तिने आपली भरत आलेली बादली झुडपाखाली पालथी केली आणि गाडीकडे चालू लागली.