दोन सालांमधलं जहाज

अप्पांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या जुन्या जहाजाचा फोटो फ्रेम करून द्यायचा, असं त्यांच्या थोरल्या लेकीनं मनाशी ठरवलं. अप्पा त्या जहाजावर स्वयंपाकी होते. घरात जहाजाचा एकही फोटो नव्हता, आणि विचारलं की अप्पा म्हणायचे, "कांदे चिरायला गेलो होतो, फोटो काढायला नाही."

थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा ती दुकानातल्या कॉम्प्युटरवर शोधायला बसली. जहाजाला नाव होतं एका पक्ष्याचं. त्यामुळे पक्षीच निघाले, मग त्याच नावाचं हॉटेल, साबण, परवापरवा बांधलेलं एक चकचकीत जहाजही. अप्पांचं मिळेना.

"सालं घाल की," काचा घासणारा सहकारी मान वर न करता म्हणाला. "आधीचं, नंतरचं, मध्ये दोन टिंबं. मग तेवढ्यातलंच दाखवेल."

तिनं नावापुढे १९८४..१९८८ असं लिहिलं. ती पाच वर्षांची असताना अप्पा जहाजावर गेले होते आणि नऊ वर्षांची झाल्यावर परतले होते.

पक्षी गेले, साबण गेला. उरली एका जुन्या वर्तमानपत्रातली बातमी. वर जहाजाचा फोटो, अगदी हवा होता तसा. खाली लिहिलं होतं की चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये ते वादळात बुडालं आणि मोजकेच लोक वाचले.

दुसरं जहाज असेल, असं तिला वाटलं. पण कंपनी तीच होती, बंदर तेच होतं. तिनं पुढची सालं घालून पाहिली, तर काहीच आलं नाही. मग अप्पा त्यानंतर होते कुठे? दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची पत्रं यायची. एकदा निळ्या डोळ्यांची बाहुली आली होती.

संध्याकाळी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीनं फोन तिच्यापुढे धरला. आईनं फोटो पाहिला आणि हातातली चादर तशीच मांडीवर ठेवली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. आई, अप्पा कुठे होते?"

"वाचलेल्यांत होते. पण वाचा गेली होती गं. पेल्यातलं पाणी पाहिलं तरी भिंतीला चिकटून बसायचे. मला ओळखत नव्हते. मनोरुग्णांच्या इस्पितळात चार वर्षं ठेवलं."

"आणि पत्रं?"

"मीच लिहायचे, डाव्या हातानं. बाहुली इथल्याच बाजारातली. बाप आहे पण ओळखत नाही, हे पोरीला कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

थोरली भिंतीला टेकली. तिला रडूही येईना. ज्या माणसाची तिनं लहानपणी वाट पाहिली, तो अख्खाच्या अख्खा आईनं बनवला होता.

"कसली पत्रं?"

दारात अप्पा उभे होते. आईचा चेहरा पांढराफटक पडला. पत्रांचं अप्पांनाही ठाऊक नव्हतं.

मग अप्पा पलंगाच्या कडेला बसले. "काय लिहायचीस माझ्या नावानं?"

"मजेत आहात म्हणून. जेवण सगळ्यांना आवडतं म्हणून. थोरलीनं पाढे पाठ करावेत म्हणून."

"मी कशाला पाढे सांगेन? मलाच बाराच्या पुढे येत नाहीत."

आई हसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. अप्पांनी थोरलीकडे हात पुढे केला. "दाखव बघू."

तिला द्यावासा वाटेना, पण तिनं फोन दिला. फोटो मोठा करून त्यांनी धुराड्याच्या मागे बोट ठेवलं.

"इथे आमचं स्वयंपाकघर. पीठ मळायला माझ्याबरोबर एक जण होता. फार गायचा, आणि बेसूर."

ते थांबले. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं अप्पांनी त्या माणसाचं नाव घेतलं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं.