परवान्याआधी मागवलेली नळी

सुबोधने मोबाइल पुढे धरला, तशी ऋजुताने डब्याचं झाकण लावलं. दोघं नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या एकाच कंपनीत, आणि शनिवारी नेमबाजीच्या एकाच क्लबात. सहा महिने खपून तिने बसवलेली मोजणीची पद्धत मार्चमध्ये त्याने साहेबांपुढे स्वतःची म्हणून मांडली. बढती त्याला मिळाली, हिचा करार वर्षअखेरीपुढे वाढला नाही. तेव्हापासून ती त्याच्या एका चुकीवर टपून बसली होती.

"बघ, अमेरिकेतला विक्रेता. पिस्तुलाची नळी. लायसन्स लागत नाही म्हणतो."

"त्याच्याकडे लागत नसेल. इथल्या कायद्यात नळी म्हणजे पिस्तूलच. आधी पोलिसांकडून परवान्यावर नोंद, मग कस्टम्सची आयात-संमती, तिकडचा निर्यात-परवाना. हे सगळं हातात आल्यावर ऑर्डर."

"झालं हिचं मोजमाप सुरू! अगं, नळकांडं आहे ते. आई बेसनाचे लाडू पाठवते तेव्हा पार्सलवर काय लिहायला सांगतो आपण? 'घरगुती सामान'. हा 'सायकलचा सुटा भाग' लिहितोय."

'पकडला गेलास तर आहे तो परवानाही जाईल', एवढं म्हटलं असतं तर तो घाबरला असता. वाक्य अगदी जिभेवर होतं. ऋजुताने ते गिळलं आणि हात धुवायला उठली.

पाच आठवड्यांनी कस्टम्सने पार्सल उघडलं. सायकलच्या कुठल्याच भागाला आतून अशा पीळदार खाचा नसतात. पोलिसांनी सुबोधच्या घरून दोन्ही पिस्तुलं नेली, परवाना स्थगित केला. मग ऋजुताला पोलिसांची मेल आली: नियम ठाऊक नव्हते असं सुबोध म्हणतात, तुमचं नाव साक्षीदार म्हणून दिलंय.

तो तिच्या टेबलाशी आला. आवाज पार उतरलेला.

"लिही ना, की मला कल्पना नव्हती. मग नुसत्या दंडावर सुटेन गं."

"पद्धत कुणाची, ते साहेबांना कधी सांगतोयस?"

"ते ऑफिसचं झालं. त्याचा इथे काय संबंध?"

"काहीच नाही. बस."

तिने त्याच्यासमोरच उत्तर लिहिलं. तारीख, जेवणाची वेळ, तिने सांगितलेले तीन टप्पे त्याच क्रमाने, त्यावरचं त्याचं लाडवांचं उत्तर. विशेषण एकही नाही. आपण नंतर गप्प का बसलो, हे कुणी विचारलं नव्हतं.

"हे गेलं तर मी संपलो, ऋजुता."

"यात खोटं काय आहे, दाखव. आत्ता खोडते."

सुबोध वाकला. पहिल्या ओळीपासून वाचत गेला, पुन्हा वर गेला, परत खाली आला. ती घाई न करता थांबली. सहा महिन्यांचं काम गेल्यापासून तिला इतकं शांत कधीच वाटलं नव्हतं.

खोटं काही नाही, अशी त्याने मान हलवली. तिने मेल पाठवली.