तारेखालची गाडी

आमच्या आखाड्यावरून विजेची मोठी लाइन गेली आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गाडीची बॅटरी उतरायला लागली. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. बॅटरी मी उतरवत होते.

आखाडा म्हणजे शेतातलं आमचं घर. पुढे पत्र्याचं शेड, शेडमध्ये कल्याणची जुनी पांढरी गाडी आणि शेडवरून गेलेल्या तारा. कल्याण, माझा नवरा, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आहे. सकाळी फाट्यावरून कंपनीच्या बसने जातो, दिवस मावळताना येतो. गाडी दिवसभर नुसती बसून असायची.

माझी आई हसनाबादला भावाकडे असते. तिला विसरण्याचा आजार जडलाय, पण तोही घड्याळ बघून येतो. सकाळी ती अगदी शाबूत असते. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सुनेला बोलते, माझी आठवण काढते. ऊन कललं की एकेक माणूस तिच्या हातून निसटतं. आणि आम्ही जायचो ते कल्याण ड्यूटीवरून आल्यावर, दिवेलागणीला. मला ती दवाखान्यातली बाई समजायची. "बाई, माझी गोळी झाली," म्हणायची आणि तोंड फिरवायची.

सुट्टीच्या दिवशी कल्याणला शेताचं पाणी बघायचं असतं, निघता निघता तीच वेळ. मुक्कामाला जावं तर सासऱ्यांना नीट दिसत नाही, धारा कोण काढणार? गावात एसटी येते दुपारी. भोकरदनला बदलून हसनाबाद गाठेपर्यंत आईची सकाळ केव्हाच संपलेली असायची. मला सकाळची आई हवी होती. माझं एवढंच मागणं होतं.

कल्याणला एकदा म्हटलं, मला गाडी शिकवा. तो हसला. "तुला स्कूटीचं स्टँड लावता येईना, वंदना." माणूस वाईट नाही, पण हसला. एकदा हसणाऱ्याला मी दुसऱ्यांदा विचारत नाही, हा माझा स्वभाव. मग मीच चावी घेऊन शेडमध्ये जाऊन बसले.

तिसऱ्या गचक्याला शेजारचं दार उघडलं आणि मामा आत येऊन बसले. कचरूमामा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म ट्रॅक्टर चालवलेला माणूस, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. का शिकतेस, कुणाला विचारलंस, काही नाही. इंजिनचा आवाज ऐकून म्हणाले, "क्लच हळू सोड, पोरी. लेक सासरी निघाल्यावर हात सोडतेत तसा."

तसा सोडला तरी गाडी हातभर पुढे जायची आणि बंद पडायची. पुन्हा सेल्फ, पुन्हा बंद. एवढे सेल्फ मारल्यावर जुनी बॅटरी किती टिकणार?

एका संध्याकाळी हसनाबादला निघायचं होतं. कल्याणने चावी फिरवली, गाडीने नुसतं टक् केलं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, मी आईसाठी केलेला शिरा हातात घेऊन उभी. चोराच्या मनात काय चालतं ते मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात बाजेवरून मामा बोलले, "तारेमुळं हुतंय ते. वरची लाइन बॅटरी पिऊन राह्यली."

मी बारावीपर्यंत सायन्स शिकलेली. तारांखाली उभ्या राहणाऱ्या गाड्या रोज बघतो आपण. त्यांच्या बॅटऱ्या वरच्या वर कोणी पीत नाही. पण मी शिऱ्याचा डबा घट्ट धरून म्हटलं, "असंल बाई. तारेचा काय भरवसा!"

बात गावात गेली. फाट्यावरच्या कारभारी दुकानदाराची म्हैस दूध चोरायला लागली, तीही तारेमुळे. कुणाची डोकेदुखी तारेमुळे, कुणाचा मोबाइल तारेमुळे. मामा गंभीर तोंडाने मान डोलवायचे आणि दुपारी माझ्या शेजारी बसून दुसरा गिअर शिकवायचे.

बॅटरी पुन्हा उतरली तेव्हा कल्याण वैतागला. "उद्यापासून गाडी फाट्यावर लावतो, कारभारीच्या दुकानापाशी. तिथं तार न्हाई."

गाडी गेली की शिकणं गेलं, आणि आई दिवसेंदिवस लवकर मावळायला लागली होती. भाऊ फोनवर म्हणाला होता, आता जेवणाच्या आतच हरवते.

मामा उठून बसले. "तिथं पोरं काचा फोडतील. गाडी हितंच राहू दे. जनावरं चरायला गेली की लिंबाखालची जागा मोकळीच असती. दिवसा तारेखालून काढून तिथं लावायची, जनावरं यायच्या आत परत शेडात."

"अन् काढायची कोण, दादा? तुम्हाला दिसतंय का?"

"मला न्हाई दिसत. वंदनाला दिसतंय की."

कल्याणने बापाकडे बघितलं. वर तारेकडे बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडे. "बरं," म्हणाला, "सुट्टीला शिकवतो."

त्याने क्लच कुठला, ब्रेक कुठला ते दाखवलं आणि मी नव्या नवरीसारखी मान खाली घालून ऐकलं. लिंब शेडपासून हाकेच्या अंतरावर. पण हा मला फाट्यापर्यंत घेऊन गेला, मग भोकरदनच्या रस्त्याला, मग बाजाराच्या गर्दीत. लिंबाखाली जायला चौथा गिअर कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. त्यानेही लर्निंगचं काढून, जालन्याला खेटे घालून पक्कं लायसन माझ्या हातात ठेवलं, तेव्हा काही सांगितलं नाही.

सांगितलं ते मी पहिल्यांदा एकटी निघाले त्या सकाळी. बसची वेळ झाली तरी तो दारापाशी घुटमळत होता.

"लाइन अजून चालूच केली न्हाई," म्हणाला. "नुसत्या तारा ओढून ठेवल्यात. करंट असता तरी बॅटरीला काई झालं नसतं, पण हितं तर करंटच न्हाई."

"तुम्हाला कधीपासून ठाव व्हतं?"

"पहिल्यापासून. दादा इतकं मन लावून खोटं बोलून राह्यले, म्हणलं बिलकुल मधी पडायचं न्हाई." मग खाली बघून म्हणाला, "हसाया नव्हतं पाह्यजे मी त्या दिवशी. सावकाश जा."

मला त्या क्षणी तो फार आवडला. हे त्याला सांगायचं राहूनच गेलं, कारण बस चुकेल म्हणून मीच त्याला पिटाळलं.

हसनाबादला पोचले तेव्हा आई ओसरीवर उन्हाला बसून मेथी निवडत होती. गाडीचं दार वाजलं तशी तिने मान वर केली, हाताची सावली डोळ्यांवर धरली.

"वंदे! इतक्या सकाळी? कुणी आणलं तुला?"

"मीच आले, चालवत."

मी तिच्याजवळ खाली बसले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली, मामांच्या डोळ्यांचं विचारलं. मी उत्तरं देत होते आणि रडतही होते. तिने मेथीची जुडी माझ्या पुढ्यात सरकवली.

"एक बाई येती संध्याकाळची," ती निवडता निवडता म्हणाली. "दवाखान्यातली. लई माया करती माझी. डब्यात शिरा आणती. अन् म्या तिला कधी चहाबी इचारत न्हाई. काय म्हणत असंल?"

"काही न्हाई म्हणत, आई," मी म्हटलं. "तिला कळतंय."