हिरव्या लाइनचं बारसं

नवं राज्य झालं आणि हैदराबादेत जो तो नावं बदलायला निघाला. काचीगुड्याच्या मराठी मंडळानंही मेट्रोच्या हिरव्या लाइनसाठी सभा भरवली. लाइन कसली, नुसते खांब! लक्ष्मणरावांना आपल्या आजोबांचं नाव हवं होतं, एकनाथरावांना स्वतःच्या आजोबांचं.

लक्ष्मणरावांची बहीण चतुराबाई वैतागली. "नाव ठेवायचा मान आत्याचा. दादा, एवढी हौस आहे तर तूच हो आत्या!"

लक्ष्मणराव तरातरा बाहेर गेले, खांबाशी वाकले आणि "कुर्रर्र" म्हणाले. बारशात आत्याच्या पाठीत धपाटे पडतात, तसे पडले. एकनाथरावांनी तर दोन्ही हातांनी रीत पाळली.

घरी पाठीला बाम चोळत बायकोनं, भामानं, विचारलं, "मग काय नाव ठरलं?"

"हिरवी काय वाईट आहे?" लक्ष्मणराव कण्हले.