डिसेंबराच्या आधी जानेवारी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या माझा मुक्काम एका जिन्याखाली, फिनाईलची बाटली आणि झिजलेला झाडू यांच्या शेजारी. पण माझी तक्रार धुळीबद्दल नाही. मला किळस येते ती निराळ्याच गोष्टीची, आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मी दूरच्या एका कारखान्यात तयार झालो. १९८६ साली तणसात गुंडाळून मला ट्रकने भंडाऱ्याला आणले आणि एका पाणीवाटप संस्थेच्या कार्यालयात माझी स्थापना झाली. स्थापनाच म्हणायची, कारण नारळ फुटला आणि कुण्या भाविकाने मला कुंकूही लावले. ते बटणांच्या फटीत शिरले आणि आठवडाभर एक बटण दबेना. माझ्या खोलीत चपला घालून यायला बंदी होती. मोजे मात्र चालत, आणि त्या मोज्यांचा वास मी तीन वर्षे सोसला.

कोणत्या तलावाचे पाणी कुणाला, कोणत्या क्रमाने, याची यादी छापणे हे माझे काम. त्यासाठीचा प्रोग्राम टेकचंदने लिहिला होता. टेकचंद कार्यालयातलाच, हुशार आणि त्या काळी मनाने मोकळा. प्रोग्रामची ओळन् ओळ कागदावर छापून तो व्हरांड्यात खिळ्याला अडकवायचा आणि वर लिहायचा, 'चूक दिसल्यास लिहावी.' अड्याळच्या शाळेत गणित शिकवणारे ईश्वर गुरुजी दर शनिवारी एसटीने येत आणि लाल शाईने ते कागद रंगवून टाकत.

"टेकचंद, तलावाखाली भिजणारी जमीन शून्य असली का तुहा प्रोग्राम शून्यानं भागते," ते म्हणत. "मंग मशीन अडकणार नाही तं काय?"

"गुरुजी, मले वाटे विजेच्या लाईनीचा घोळ आहे."

"लाईनीले काहून बदनाम करतं? चूक तुही आहे."

टेकचंद हसून कबूल करायचा. दुरुस्ती केली की सगळा प्रोग्राम नव्याने बांधावा, म्हणजे माझ्या भाषेत उतरवावा लागे. त्याला चाळीस मिनिटे लागत, आणि वीज नेमकी तिसाव्या मिनिटाला जाई. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोघे चहा पीत आणि शिव्या मला देत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

१९८८ च्या डिसेंबरात उन्हाळी धानाची यादी प्रथमच माझ्याकडून निघाली, आणि तिच्यात गुरुजींना मोठी चूक सापडली. "तुही यादी महिन्याच्या आकड्यानं लागते," ते म्हणाले. "बारापेक्षा एक लहान. उन्हाळी धानाचं पाणी डिसेंबरात सुरू होते आन् मार्चात संपते. तुह्या यादीत डिसेंबराच्या आधी जानेवारी येऊन राहिला."

टेकचंदने तिथेच बसून दुरुस्ती लिहिली. पण यादी सही-शिक्क्यानिशी गावोगाव गेली होती. तिच्यावर तारखा नव्हत्या, नुसता क्रम आणि नावे. संस्थेचे सचिव भैय्याजी भडकले. "आता चूक झाली म्हणून सांगू, तं संस्थेची अब्रू जाईन. आन् बाहेरच्या मास्तरले आपले कागद काहून दाखवता?" खिळ्यावरचे कागद उतरले. दुरुस्ती टेकचंदच्या टेबलाच्या खणात गेली. गुरुजींचे येणे बंद झाले.

ही चूक कुणाच्या पोटावर आली ते ऐका. करडी गावाकडच्या एका तलावावर जुना रिवाज होता. ज्याचे धानाचे शेत, तिथल्या भाषेत बांधी, कालव्याच्या शेपटाला, त्याला पहिले पाणी, म्हणजे वरच्यांनी पिऊन टाकले आणि खालचा कोरडा राहिला असे होत नाही. शेपटाला बायजाबाईची बांधी होती. तिची पाळी डिसेंबरातली, सगळ्यांत पहिली. माझ्या यादीत ती सगळ्यांत शेवटी छापली गेली. पाणी सोडणारा पाणकर डोमा, तीस वर्षांत त्याच्या हातून कुणाची पाळी कधी चुकली नव्हती. पण शिक्का पाहून तो आपले सगळे शहाणपण विसरला. "कंपुटरचा कागद आहे, बाई," तो म्हणाला. "मी काय करू?"

बायजाबाई थेट भंडाऱ्याला आली. हातात पिवळ्या पडलेल्या पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, मूठ होती.

"चार दिवसांत पाणी भेटलं तं पऱ्हे वाचतात," ती म्हणाली.

"यादी कंपुटरनं काढली, बाई," भैय्याजी म्हणाले. "त्यात आमचा हात नाही."

तिने टेकचंदकडे पाहिले. "भाऊ, तुमी सांगा."

दुरुस्तीचा कागद त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, खणात होता. एक खण उघडायचा आणि एक वाक्य बोलायचे. टेकचंद आपल्या मोज्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मशीनमंदी बिघाड आहे, बाई."

त्या क्षणी मला जी शिसारी आली, ती आजतागायत गेलेली नाही. भैय्याजींकडून मी दुसरी अपेक्षा केलीच नव्हती. पण ज्याने मला ओळ ओळ शिकवली, चूक कबूल करताना ज्याला हसू यायचे, त्यानेच माझ्या माथी खोटे मारले. बायजाबाई माझ्याजवळ आली, मला खालीवर निरखले आणि म्हणाली, "याले तं तोंड नाही. तुमाले आहे ना?" पऱ्हे टेबलावर ठेवून ती निघून गेली. शिपायाने ते झाडून टाकले.

त्या उन्हाळी हंगामात तिची बांधी पडीक राहिली आणि ती दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला गेली. एप्रिलमध्ये टेकचंदने गुपचूप नवा प्रोग्राम बांधला. त्या दिवशी वीजही गेली नाही. पुढच्या याद्या बरोबर निघाल्या आणि कुणी कुणाला काही सांगितले नाही. वर्ष सरताना नवे यंत्र आले. मला मोडीत काढण्याच्या कागदावर 'कारण' या रकान्यात टेकचंदने सुवाच्य अक्षरात लिहिले, 'चुका करतो.'

मित्रांनो, यंत्रे जपून वापरा, धूळ पुसा, जमले तर मोजेही धुवा. पण तुमची चूक आमच्या नावावर खपवू नका. चूक सांगायला एक वाक्य लागते. बायजाबाईने तेवढेच मागितले होते, आणि त्या दिवशी तलावात पाणी होते.